लिनक्सच्या पीसीला ग्राफिक कार्ड घेताना: आधी ड्रायव्हर, मग वॅट, भाव सगळ्यात शेवटी

मे महिना, दुपारचे दोन, परभणीत बाहेर ४३ डिग्री, घरातल्या कूलरचं पाणी संपलेलं म्हणून तो नुसती गरम हवा फेकायला, अन् त्यात सेलूहून भाच्याचा फोन. "मामा, पीसी असेंबल करायलोय, लिनक्सच टाकणारय, कार्ड कोणतं घेऊ तेवढं एका शब्दात सांगा." मी म्हणलं बाबा, एका शब्दात तर सोयरीक पण जमत नाही. त्याला तीन गोष्टी विचारल्या, त्यावर करणार काय, मॉनिटर कोणताय अन् एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, किती वॅटचा. तिन्हीला उत्तर एकच, "बघू की मामा." पण कार्ड मात्र व्हिडिओ बघून ठरवूनच बसला होता, मला फक्त हो म्हणायला फोन केला होता.

तर त्या दिवशी अन् नंतरच्या चार-पाच फोनांत जे जे त्याला सांगितलं ते एका जागी लिहून काढायलो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून द्यायचं. मी स्वतः घरी पत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर असलं काम करतो, सगळं इंकस्केप, गिंप अन् स्क्रायबस ह्या डिझाइनच्या प्रोग्रामांवर, मशीन कायम हातानं जोडलेली, त्यामुळं ठेचा खाऊन जे कळलं तेच सांगतो. भाव लिहीत नाही, सोमवारी लिहिलेला शनिवारी खोटा पडतो.

कार्ड लागतंच का?

हे आधी. निम्म्या लोकांना लागत नाही. ब्राउझर, लिब्रे ऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस, ऑनलाइन फॉर्म भरणं, यूट्यूब, एवढंच असेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक भरपूर झालं. इंकस्केप तर जवळपास सगळं काम प्रोसेसरवर करतं, गिंपचं पण तेच, तिथं पाच आकडी कार्ड लावून वीस फुटी फ्लेक्स एक सेकंद लवकर उघडत नाही, त्याच पैशात रॅम वाढवा अन् एसएसडी टाका. रॅम घेताना एक १६ जीबीची कांडी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या, काय की प्रोसेसरमधल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, अन् दोन कांड्या लावल्या की मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. एवढ्यावर फरक डोळ्याला दिसतो.

फक्त प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असला, आय थ्री १२१०० एफ सारखा, तर त्यात ग्राफिक चालत नाही. एएमडीच्या रायझनमध्ये ५६०० ला नाही, ५६०० जी ला आहे. रायझन ७००० पासून बहुतेकांत एक बारकं ग्राफिक येतं, एफ वाले सोडून. दुकानदार शंभर टक्के एफ वाला पुढं करणार कारण तो स्वस्त, अन् घरी आल्यावर स्क्रीनच लागत नाही मग कार्डासाठी परत त्याच्याच दारात. माझं मत विचाराल तर ग्राफिकवालाच प्रोसेसर घ्या, पुढं मोठं कार्ड टाकलं तरी, कारण कार्ड रुसलं तर त्या दिवशी मशीन तरी चालू राहते.

कार्ड खरंच लागतं ते ब्लेंडरवाल्याला (थ्रीडी चित्रं करायचा प्रोग्राम), गेम खेळणाऱ्याला, घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्याला अन् रोज व्हिडिओ एक्सपोर्ट करणाऱ्याला. केडेनलाइव्ह ह्या व्हिडिओ एडिटरमध्ये पण इफेक्ट बहुतेक प्रोसेसरच करतो, कार्ड कामाला येतं ते शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना. भाचा म्हणाला ब्लेंडर. म्हणलं रोज? तर म्हणे नाही, शिकायचंय. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येतं.

ड्रायव्हर म्हणजे स्टार्टर

ड्रायव्हर म्हणजे लिनक्स अन् कार्डाला जोडणारा प्रोग्राम. आपल्याकडं बोअरच्या मोटरचं कसंय, मोटर कितीही भारी आणा, स्टार्टर तिला जुळला नाही तर पाणी नाही. अन् स्टार्टर बिघडला तर गावातला वायरमन झाकण उघडून काँटॅक्टर घासून चालू करून देतो. आता असा स्टार्टर समजा की ज्याच्या झाकणाला कंपनीचं कुलूप आहे अन् दहा वर्षांनी कंपनी म्हणते त्या मॉडेलला आम्ही आता हात लावत नाही. मोटर चांगली, पण झाली भंगार. लिनक्सवर कार्डाचं आयुष्य असं ठरतं, पंख्यावर अन् जीबीवर नंतर.

लिनक्समध्ये ड्रायव्हरचे तीन तुकडे असतात. एक कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, जो हार्डवेअरशी बोलतो. दुसरा त्याच्या वरचा, ओपनजीएल अन् व्हल्कन, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत कार्डाला काम सांगतात, ती समजणारा, तो बहुतेक मेसा नावाच्या प्रोजेक्टमधून येतो. तिसरा फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या पोटात चढवायची कंपनीची बंद फाईल. ओपन सोर्सचा कितीही अभिमान असला तरी हे तिसरं जवळपास सगळ्याच नव्या कार्डांना लागतं, एएमडीला पण. जे लोक शंभर टक्के मुक्त म्हणून ट्रिस्क्वेल सारखं डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती, जशी उबंटू, डेबियन) टाकतात त्यांच्याकडं असं कार्ड चित्र दाखवतं पण जोर लावत नाही, कारण तिथून ह्या फाईली काढून टाकलेल्या असतात. डेबियननं १२ पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर द्यायला सुरुवात केली, त्याच्या आधी पेनड्राइव्हवर वेगळं घेऊन फिरावं लागायचं, ते दिवस आठवले तरी डोकं दुखतं.

आता तिन्ही कंपन्या.

एएमडीचा ड्रायव्हर, एएमडीजीपीयू नाव त्याचं, २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. वरचा भाग मेसात. म्हणजे डिस्ट्रो टाकलं की कार्ड चालू, वेगळं काही डाउनलोड नाही, कर्नल अपडेट झाला तरी तुटत नाही कारण दोन्ही एकाच घरचे. गंमत म्हणजे ह्यातला व्हल्कनचा ड्रायव्हर, रॅडव्ही, कंपनीनं लिहिलेलाच नाही, २०१६ ला डेव्ह एअरली अन् बास न्यूवेनहाउझन ह्या दोघांनी बाहेरून चालू केला, पुढं व्हॉल्व्ह ह्या गेमच्या कंपनीनं त्यात माणसं लावली, अन् २०२५ मध्ये एएमडीनं स्वतःचा वेगळा ओपन ड्रायव्हर बंद करून ह्यालाच आपला म्हणलं. उघड्या झाकणाचा फायदा तो हाच. २०१२ च्या काळातल्या कार्डांना सुद्धा अजून सुधारणा मिळायलेत.

इंटेलचं पण तसंच, सगळं कर्नल अन् मेसात. आर्क कार्डांत ए ३८० हे ६ जीबीचं अन् ७५ वॅटचं, बी ५८० हे १२ जीबीचं अन् १९० वॅटचं. व्हिडिओवाल्यांना एकदम भारी, एव्ही१ ह्या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एन्कोड करतात, म्हणजे फाईल बनवतात. पण एक अट हाय, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय, चालू पाहिजे, नाहीतर स्पीड दणकून पडतो. आपल्याकडं ऑफिसमधून निघालेले चौथ्या पिढीचे आय फाइव्ह लई विकले जातात, छोट्या कॅबिनेटवाले, त्या बोर्डांत सहसा ही सोयच नसते, तिथं आर्क लावू नका. अन् रिकामं असताना पण हे कार्ड बरीच लाईट खातं, बायोसमध्ये एएसपीएम ही वीज वाचवायची सेटिंग चालू केल्यावर जरा शांत होतं.

एनव्हिडियाचं प्रकरण लांबडं आहे. कंपनीचा ड्रायव्हर बंद झाकणाचा, म्हणजे कोड कोणाला दिसत नाही. मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नलमधला तुकडा ओपन केला, पण तो ट्युरिंग अन् त्याच्या पुढच्या कार्डांसाठी, म्हणजे जीटीएक्स १६ अन् आरटीएक्स २० पासून पुढं, अन् वरचा तुकडा अजून बंदच. आरटीएक्स ५० ला तर तो ओपन तुकडाच लागतो, जुना चालत नाही. दुसरीकडं लोकांनी बाहेरून लिहिलेला नूव्हो आहे, पण जीटीएक्स ९०० अन् १० ह्या दोन पिढ्यांत तो कार्डाचा क्लॉक, म्हणजे स्पीड, वाढवू शकत नाही कारण कंपनीची सही केलेलं फर्मवेअर लागतं, म्हणून कार्ड पहिल्या गिअरमध्येच चालतं. ट्युरिंगपासून पुढं ही अडचण सुटली, मेसात एनव्हीके नावाचा व्हल्कन ड्रायव्हर आलाय, चांगला चाललाय, पण कंपनीच्या ड्रायव्हरच्या स्पीडला अजून पोचला नाही.

अन् सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. कंपनीच्या ड्रायव्हरची ५८० ही मालिका मॅक्सवेल अन् पास्कलसाठी शेवटची. म्हणजे ७५० टीआय, ९६०, १०५० टीआय, १०६०, १०८० ही सगळी. ओएलएक्सवर हीच कार्डं ढिगानं दिसतात अन् "कंडिशन मक्खन" लिहिलेलं असतं. कार्ड मक्खन असेल हो, पण स्टार्टरवाल्यानं हात वर केलेत. केप्लर पिढीचं, जसं जीटी ७१०, ते तर आधीच ४७० वर अडकलंय. नवं कर्नल आलं की हे जुने ड्रायव्हर बिल्ड होत नाहीत, मग काळी स्क्रीन. दुकानात आजपण "नवं सीलपॅक" म्हणून जीटी ७१० अन् ७३० विकतात. फुकट दिलं तरी घेऊ नका.

मग एनव्हिडिया घ्यायचंच नाही का? तसं पण नाही. पोट ब्लेंडरवर असेल तर घ्या, मी उगं कट्टरपणा करणार नाही. ब्लेंडरमधल्या सायकल्सला (चित्र रेंडर करणारा भाग) एनव्हिडियाचं ऑप्टिक्स मिळालं की रेंडर एएमडीपेक्षा बरंच लवकर निघतं, अन् एआयचं बहुतेक सगळं आधी कुडावर, म्हणजे एनव्हिडियाच्याच सॉफ्टवेअरवर, चालतं मग दुसरीकडं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं अजून कामाचं आहे. फक्त ड्रायव्हर वेबसाइटवरून डाउनलोड करून टाकू नका, डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतूनच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच टाका, उबंटू-मिंटला ड्रायव्हरची खिडकीच आहे त्यासाठी. बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर टाकताना एक पासवर्ड मागतो अन् पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथं की एनरोल करायची असते. नव्वद टक्के लोक घाबरून कंटिन्यू दाबतात अन् मग दोन दिवस म्हणतात ड्रायव्हर टाकला पण लागंना.

एएमडीवर ब्लेंडर चालत नाही असं नाही, कुडाच्या जागी एएमडीचं एचआयपी आहे, पण त्याची लायब्ररी वेगळी टाकावी लागते. हे ज्यात येतं त्या आरओसीएमची अधिकृत यादी लहान आहे, आरएक्स ६६०० त्यात नाही, लोक एक एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून कार्डाला मोठ्या भावाचं नाव सांगतात अन् काम काढतात. एआय मॉडेल नुसतं चालवून बघायचं असेल तर एवढंही नको, लामा डॉट सीपीपी हा मॉडेल चालवायचा प्रोग्राम सरळ व्हल्कनवर चालतो, आठ जीबीच्या कार्डात सात-आठ अब्ज पॅरामीटरचं ४ बिटवालं मॉडेल आरामात बसतं.

लई नवं कार्ड, लई जुनं डिस्ट्रो

हा घोळ दरवर्षी होतो. कार्ड ह्या वर्षीचं, अन् वर टाकलं डेबियन १२, ज्याचा कर्नल ६.१, म्हणजे २०२२ चा. त्या कर्नलला हे कार्ड जन्मलेलंच माहीत नाही. आरएक्स ९०६० एक्सटी सारखं २०२५ चं कार्ड असेल तर कर्नल ६.१२ किंवा पुढचा अन् मेसा २५ किंवा पुढचा पाहिजे, म्हणजे डेबियन १३ किंवा नवी फेडोरा. दोन-तीन वर्षं जुनं कार्ड घेतलं तर ही भानगडच नाही, म्हणून मी म्हणतो लिनक्सवाल्यानं कार्ड थोडं शिळं झालेलं घ्यावं, भाकरी ताजी अन् कार्ड शिळं.

ड्रायव्हर खरंच लागला का हे बघायचं कसं? मेसा युटिल्स नावाचं पॅकेज टाका, टर्मिनलात जीएलएक्सइन्फो, जागा सोडून वजा चिन्ह अन् मोठा बी. त्यात रेंडररच्या पुढं कार्डाचं नाव आलं तर ठीक. एलएलव्हीएमपाइप आलं तर समजायचं कार्ड नुसतं स्लॉटात बसलंय, सगळं चित्र प्रोसेसर हातानं काढायलाय. माझ्या ओळखीच्या एकाच्या मशीनवर तीन महिने असंच चालू होतं, खिडकी ओढली की मागं शेपूट यायचं, प्रोसेसरचा पंखा गिरणीसारखा, अन् तो म्हणायचा लिनक्सच स्लो आहे.

अजून एक, फेडोरा टाकणार असाल तर मूळ मेसात एच२६४ अन् एचईव्हीसी ह्या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ कार्डानंच उलगडणं, पेटंटमुळं काढलेलं आहे, आरपीएम फ्यूजन ह्या बाहेरच्या भांडारातून दुसरं पॅकेज टाकलं की येतं. व्हीएइन्फो ही कमांड सांगते कोणकोणते फॉरमॅट चालायलेत.

वॅट, लाईट अन् उन्हाळा

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण, पण हे जे कार्ड टेस्ट करून आलेख टाकतात त्यांची खोली जर्मनीतलीच असते, एसी लावलेली, बावीस डिग्रीची. त्यांनी ६८ डिग्री दाखवलं तर पत्र्याच्या खोलीत, मेमध्ये, तेच कार्ड ८५ ला जाणार, साधी बेरीज आहे, खोली जेवढी तापली तेवढं कार्ड वर. एएमडीत दोन आकडे दिसतात, एज म्हणजे चिपच्या कडेचा अन् जंक्शन म्हणजे सगळ्यात तापलेल्या जागेचा. जंक्शनचा जास्त धरायचा, आरएक्स ६००० मध्ये त्याची हद्द ११० आहे, नव्वदपर्यंत गेलं तरी जीव घाबरा करून घेऊ नका. सेन्सर्स कमांडनं दोन्ही दिसतात. एका पंख्याचं कार्ड आपल्याकडं घेऊच नका, दोन पंख्यांचं घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत जो बारीक धुरळा-तंतू उडतो तो हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखा बसतो, दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारा, पण मारताना कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा सोडला तर भिंगरीसारखा फिरून बेअरिंग जातं.

वॅटचा हिशोब असा. स्लॉटातून कार्डाला ७५ वॅट मिळतात. त्याच्यावर लागलं तर एसएमपीएसमधून वायर, सहा पिनची ७५, आठ पिनची १५०. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं अन् आरएक्स ६४०० तर ५३ वॅटचं, दोन्हींना वायर लागत नाही, जुन्या ऑफिसच्या डब्यात हीच बसतात, ६४०० ची अडचण मात्र खाली सांगितलीय. आरएक्स ६६०० ला १३२ अन् एक आठ पिन, आरएक्स ७६०० ला १६५. कॅबिनेटसोबत फुकट आलेला "४५० वॅट" एसएमपीएस असतो ना, हातात घ्या, चिवड्याच्या पुड्यासारखा हलका लागला तर त्याच्यावर कार्ड लावायचं नाही. अन् आठ पिन नाही म्हणून मोलेक्सचा कन्व्हर्टर लावून जमवणं तर अजिबात नाही, वायर पिघळून वास येईस्तोवर कळत नाही.

चांगल्या एसएमपीएसचा इथं अजून एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईवाल्यांना कळायचा नाही. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला, शंभर ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस लो व्होल्टेजला हूं का चूं करत नाही. आमच्या गल्लीत शेतीच्या लाइनचा टाइम झाला की १७० व्होल्ट होतात, ट्यूब लुकलुक करते, फ्रिज कण्हतो, पण मशीन चालू. उलटं एक, असा एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसवर बॅटरी घेताना दचकून बंद पडतो, कारण त्या यूपीएसची लाट चौकोनी असते, म्हणून दोन्ही जोडून, फुल लोडवर, एकदा प्लग उपटून बघा, डीपी उडाल्यावर बघण्यापेक्षा बरं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. आरएक्स ६६०० अन् सहा कोरचा प्रोसेसर मिळून जोरात चालताना अडीचशेच्या आसपास खातात, वर मॉनिटर, तर सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो, रेंडर पूर्ण करण्याइतका नाही. घराला अर्थिंग नसेल तर आधी ते करा, कोळसा-मीठ टाकून खड्डा मारायला कार्डाच्या भावापुढं काहीच लागत नाही, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ते त्याचंच.

उन्हाळ्यापुरतं कार्डाचा जोर कमी पण करता येतो. एलएसीटी नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम आहे, त्यात पॉवर लिमिट, फ्रिक्वेन्सी, पंखा सगळ्याचे स्लायडर आहेत. एएमडीवर कर्नल ६.७ पासून पॉवर लिमिट कंपनीनं आखलेल्या रेषेच्या खाली जात नाही, अन् काही कार्डांत ती रेष लई वर आहे, तिथं पॉवरच्या नादी न लागता फ्रिक्वेन्सीची वरची हद्द दोन-अडीचशे मेगाहर्ट्झनं खाली आणायची. गेममध्ये चार-पाच फ्रेम जातात, पण पंख्याचा आवाज खाली बसतो. मार्चच्या शेवटी खाली, मृग लागला की परत वर, हे माझं ठरलेलंय.

सेकंडहँड घ्यायला जाताना पेनड्राइव्ह न्या

इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. २०१९ ला एकाकडून १०५० टीआय घेतलं, चार जीबी, भाव जरा जास्तच गोड होता. त्यानं त्याच्या विंडोजवर दाखवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरी बरोबर, मी खुश. घरी आणून लावलं, लिनक्स चालू केलं तर सारखं अडकायला. कर्नलचा लॉग काढला, डीमेसेज, त्यात नूव्होची ओळ होती, चिप जीएफ ११६. खऱ्या १०५० टीआयची चिप जीपी १०७ असते. म्हणजे हे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय, कार्डाच्या आतलं बायोस बदलून वर नवं स्टिकर. विंडोज बायोसनं सांगितलेलं नाव वाचत होतं, नूव्होनं सरळ चिपलाच विचारलं की बाई तुझं माहेर कोणतं. त्या माणसाचा फोन अर्थातच नंतर लागला नाही. खरं तर बघताक्षणी कळायला पाहिजे होतं, कार्डाला मागं व्हीजीए पोर्ट होता, अन् पास्कल पिढीपासून चिपमधून व्हीजीए निघतच नाही.

तेव्हापासून मी लाइव्ह पेनड्राइव्ह घेतल्याशिवाय जात नाही. उबंटू किंवा फेडोराचा पेनड्राइव्ह खिशात, समोरच्याला म्हणायचं दादा, तुमच्या हार्डडिस्कला हात लावत नाही, पेनड्राइव्हवरूनच चालू करतो. नाही म्हणला तर चहा पिऊन परत. चालू झालं की टर्मिनलात एलएसपीसीआय, जागा सोडून वजा के, सगळं छोट्या लिपीत, व्हीजीएच्या ओळीत चिप कोणती अन् खाली ड्रायव्हर कोणता ते येतं. मग डीमेसेज सुडो लावून. मोबाईलच्या नेटवरून जीएलमार्क२ टाकायचं अन् पंधरा मिनिटं चालू ठेवायचं, गप्पा मारायच्या, उन्हा-पावसाच्या, पण कान पंख्याकडं अन् डोळा स्क्रीनकडं, रंगीत ठिपके, चौकडे, एखादी रेघ दिसली की कार्डाची मेमरी गेलेली असते. मेमटेस्ट व्हल्कन म्हणून एक छोटा प्रोग्राम आहे, तो मेमरी नीट तपासतो, पेनड्राइव्हवर आधीच टाकून ठेवा. मॉनिटरची वायर प्रत्येक पोर्टला लावून बघा, सगळ्या, आळस नको.

आरएक्स ५८० लई फिरतं बाजारात, आठ जीबीचं, अन् ड्रायव्हरच्या दृष्टीनं अजून धडधाकट. पण बरीचशी क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस भाजलेली, १८५ वॅट खाणारी, अन् त्यात २०४८ एसपी नावाचा एक प्रकार येतो तो कमी कोरचा, नाव तेच. स्वस्तात मिळालं अन् एसएमपीएस दणकट असेल तर चालतंय, पेस्ट अन् पॅड बदलायची तयारी ठेवा.

नवं घ्यायचं तर इथल्या दुकानात दोनच मॉडेल असतात अन् दोन्ही नको असलेली. आमच्याकडचे बरेच जण रेल्वेनं सिकंदराबादला जातात, चेनॉय ट्रेड सेंटरच्या कॉम्प्युटर बाजारात, दिवसभर फिरून घेऊन येतात. ऑनलाइन पण चालतं, पण जीएसटीचं पक्कं बिल पाहिजे, त्यावर सिरीयल नंबर पाहिजे, अन् डबा उघडताना मोबाईलवर शूटिंग घ्या.

बारकावे, पटापट

आरएक्स ६४०० अन् ६५०० एक्सटी ह्यांना बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे रस्ते, आहेत, जुन्या पीसीआय ३ च्या बोर्डात ती गुदमरतात, अन् त्यांत व्हिडिओ एन्कोडर नाहीच, एव्ही१ डिकोड पण नाही, व्हिडिओवाल्यानं लांब राहावं. चार जीबी मेमरी आता कशालाच पुरत नाही, आठ ही खालची पायरी. मोठा फोरके टीव्ही १२० हर्ट्झवर चालवायचा असेल तर एएमडीवर एचडीएमआयच्या नादी लागू नका, एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये एएमडीला २.१ ओपन ड्रायव्हरमध्ये टाकायची परवानगी नाकारली, टीव्हीला डिस्प्लेपोर्ट सहसा नसतो, म्हणून कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला एचडीएमआय २.१ चा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लावा. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, नुसती वायर चालत नाही. अन् कॅबिनेटमध्ये आतून टेप लावून मोजा, समोरच्या पंख्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत, कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते.

भाच्याचं शेवटी काय झालं, तर ब्लेंडर हे महिन्यातून एकदा, खरं काम शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ कापायचं, अन् संध्याकाळी मित्रांसोबत सुपरटक्सकार्ट अन् झिरो एडी. म्हणून आरएक्स ६६०० घ्यायला लावलं, दोन पंख्यांचं, एका वर्षाच्या बिलासकट सेकंडहँड, अन् वाचलेल्या पैशांत ५५० वॅटचा खरा एसएमपीएस. डेबियन १३ टाकलं, काही न करता पहिल्या बूटला स्क्रीन बरोबर आली. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज, घाबरलेला, "मामा कार्ड खराब निघालं वाटतं, दोन्ही पंखे बंदच हायत." म्हणलं चालू काय आहे? म्हणे काहीच नाही, नुसता डेस्कटॉप. म्हणलं मग ते कशाला फिरतील, गार असलं की ते बंदच राहतात, एक गेम लाव. दहा मिनिटांनी पंख्यांचा व्हिडिओ आला, मागून आक्काचा आवाज, किती वाजले बघ, झोप आता.